शल्यनिर्हरणानंतरची परिचर्या : आधी व्रण, मग अस्थि

पायाच्या अस्थिभग्नासाठी बसविलेली प्लेट, रॉड अथवा स्क्रू शस्त्रकर्माने काढून टाकल्यानंतर रुग्ण बहुधा आठ-दहा दिवसांत आपल्याकडे येतो. हातात काढलेल्या प्लेटची डबी असते आणि मुखावर समाधान असते. “वैद्यबुवा, लोखंड निघाले, आता पाय मोकळा झाला, काही तरी ताकदीचे औषध द्या,” अशी त्याची मागणी असते. त्याचे हे समाधान रास्त आहे, परंतु ‘पाय मोकळा झाला’ हा समज मात्र पूर्णतः खरा नाही. धातू निघाल्यानंतरचे पहिले काही आठवडे अस्थि पूर्वीपेक्षा दुर्बल असते, आणि नेमक्या याच काळात रुग्ण अधिक निर्धास्त होतो. या दोन गोष्टींच्या मधल्या फटीत वैद्याचे कर्तव्य आहे. प्रस्तुत लेखात या अवस्थेचा विचार सुश्रुतोक्त सिद्धांत व आधुनिक अस्थिशल्यशास्त्र या दोहोंच्या आधारे आम्ही करीत आहोत.

शल्य या संज्ञेचा विचार

शरीरास पीडा देणारी बाहेरची किंवा आतली वस्तू म्हणजे शल्य, अशी आपल्या शास्त्राची व्यापक कल्पना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील २६ वा अध्याय आत लपलेल्या शल्याच्या ज्ञानाविषयी व २७ वा अध्याय ते काढण्याच्या उपायांविषयी आहे. अस्थीत रुतलेले शल्य उपटून काढण्यासाठी सिंहमुखादी २४ स्वस्तिकयंत्रे आचार्यांनी वर्णिली आहेत. कोणती शल्ये शरीरात दीर्घकाळ राहिल्यास पित्ताच्या तेजाने विलीन होतात आणि कोणती होत नाहीत, याचाही विचार तेथे आहे. सुवर्ण, रजत, ताम्र आदी धातू पहिल्या गटात, तर शृंग, दंत, केश, अस्थि, वेणू, काष्ठ, पाषाण व मृत्तिका दुसऱ्या गटात सांगितली आहेत.

आजच्या प्लेटा व रॉड हे पोलाद किंवा टायटॅनियमच्या मिश्रधातूंचे असतात. ते गंजू नयेत व शरीराने सोसावेत, याच हेतूने ते बनविलेले असतात. म्हणून प्रत्येक प्लेट हे पीडाकर शल्यच आहे आणि ती काढलीच पाहिजे, असे मानणे योग्य नव्हे. जर्मनीत गेऱ्हार्ड क्युंशर यांनी १९३९ मध्ये अस्थीच्या पोकळीत रॉड घालण्याची पद्धत रुग्णांत वापरली. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये अस्थिशल्यज्ञांचा ‘ए.ओ.’ हा गट स्थापन झाला व प्लेट-स्क्रूच्या तंत्रास शिस्त आली. तेव्हापासूनच्या अनुभवाचा निष्कर्ष असा की, त्रास नसलेल्या प्रौढ रुग्णात धातू आत राहू दिला तरी चालते. तो काढण्याची मुख्य कारणे पुढीलप्रमाणे :

१) धातू त्वचेखाली टोचणे, पादत्राण किंवा बूट घासणे.
२) जंतुसंसर्ग होणे.
३) स्क्रू ढिला होणे अथवा तुटणे.
४) वाढत्या वयाची बालके.
५) पुढे त्याच सांध्यावर दुसरे शस्त्रकर्म करावयाचे असणे.
६) सर्व समजून घेऊनही रुग्णाची स्वतःची इच्छा असणे.

धातू काढल्याने वेदना थांबतीलच, असे वचन रुग्णास देऊ नये. विशेषतः नडगीच्या हाडातील रॉड गुडघ्याच्या पुढील बाजूने घातलेला असतो. तेथील वेदना रॉड काढल्यावर अनेकांत कमी होते, परंतु काहींत गुडघे टेकून बसताना ती तशीच राहते. तसेच तुटलेल्या स्क्रूचा एखादा तुकडा शल्यज्ञाने जाणूनबुजून आतच ठेवला असेल, तर तो त्याचा हलगर्जीपणा समजू नये. तो काढण्यासाठी अस्थि अधिक कोरावी लागली असती, एवढाच त्याचा अर्थ असतो.

धातू निघाल्यावर अस्थीचे काय होते

हे समजल्याशिवाय पथ्यापथ्य सांगता येत नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

प्लेट अस्थीला चिकटून असते व चालताना येणारा भार काही अंशी स्वतः वाहते. ज्या अवयवास काम नाही तो कृश होतो, या न्यायाने प्लेटखालील अस्थीचा भाग काहीसा विरळ होतो. त्यात स्क्रू काढले की प्रत्येक ठिकाणी एकेक छिद्र उरते. बांबूस भोक पाडले असता वाकविताना तो नेमका त्या भोकाशी तडकतो, तसेच येथे घडते. पिळवटणारा जोर, म्हणजे पाऊल जमिनीवर रोवलेले असताना अंग वळणे, या छिद्रांच्या ठिकाणी विशेष घातक ठरतो. ही छिद्रे नव्या अस्थिधातूने भरण्यास काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत काळ लागतो. क्ष-किरण चित्रात त्यांच्या खुणा त्याहूनही अधिक काळ दिसू शकतात.

रॉडची गोष्ट थोडी वेगळी आहे. तो पोकळीत असल्याने अस्थीच्या भिंतीवर लांबलचक झाकण पडलेले नसते व छिद्रेही दोन टोकांस मोजकीच असतात. त्यामुळे रॉड काढल्यावर बहुतेक रुग्णांस वेदना सोसेल तितका भार लवकर देता येतो. प्लेट काढल्यावर मात्र शल्यज्ञ अधिक सावध असतात. म्हणून रुग्ण आल्यावर पहिला प्रश्न हा विचारावा : काढले काय, रॉड की प्लेट, आणि कोणत्या हाडातून? सुटीच्या कागदावर भाराविषयी जी सूचना असेल तीच आपली मर्यादा होय. ती नसेल तर शल्यज्ञाशी बोलून घ्यावी. अनुमानाने सांगू नये.

एका वचनभेदाचा उलगडा

या विषयाचा अभ्यास करताना एक प्रश्न उभा राहतो. सूत्रस्थानाच्या १९ व्या अध्यायात व्रणिताने वर्ज्य करावयाच्या पदार्थांत नवधान्य, उडीद, तीळ, गूळ, पिष्टाचे पदार्थ, आंबट, खारट व तिखट यांच्याबरोबर दही, ताक आणि दूधही सांगितले आहे. उलट चिकित्सास्थानाच्या ३ ऱ्या अध्यायात, म्हणजे भग्नचिकित्सेत, दूध, तूप, मांसरस व बृंहण अन्न हितकर म्हटले आहे. आपला रुग्ण तर एकाच वेळी व्रणितही आहे आणि पूर्वभग्नही आहे. मग त्याला दूध द्यावे की नाही?

आमच्या मते उत्तर अवस्थाभेदात आहे. धातू काढण्याचे शस्त्रकर्म हे मुळात जुन्या, जुळलेल्या भग्नावर नव्याने केलेला व्रण होय. पहिल्या दहा-चौदा दिवसांत प्रधान प्रश्न व्रणाचा असतो. तेव्हा क्लेद, पूय व शोथ वाढविणारे जड अन्न टाळून लघु, उष्ण, अल्पस्निग्ध अन्न द्यावे. व्रण भरल्यावर प्रधान प्रश्न अस्थीचा होतो, आणि तेव्हा बृंहणास आरंभ करावा. दोन्ही वचने आपापल्या अवस्थेत सत्य आहेत. क्रम उलटविला तर दोन्हींचा लाभ जातो.

याचा अर्थ व्रणाच्या काळात रुग्णास उपाशी ठेवावे असा नव्हे. व्रण भरण्यासाठी पोषण लागतेच. वृद्ध, कृश व मधुमेही रुग्णांत तर लंघनाने हानीच होते. जुन्या तांदळाचा मऊ भात, मुगाचे यूष, तांदुळजा, चाकवत, पडवळ, कारले, डाळिंब, आवळा हा आहार व्रणिताच्या पथ्यात बसतो. मांसाहारी रुग्णास मांसरस द्यावा. ज्याला नित्य दूध पचते व ज्याचा व्रण निर्दोष आहे, त्याचा पेलाभर दुधाचा नेम मोडण्याचा हट्ट आम्ही धरत नाही.

पहिली अवस्था : व्रण (सुमारे पहिले दोन आठवडे)

हे शस्त्रकर्म लहान समजले जाते, परंतु त्यातील व्रण लहान समजू नये. नेदरलँड्समधील १९ रुग्णालयांत ५०० रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गुडघ्याखालील धातू काढल्यावर, शस्त्रकर्मापूर्वी प्रतिजैविकाची एक मात्रा दिलेल्या गटात १३.२ टक्के व न दिलेल्या गटात १४.९ टक्के रुग्णांत ३० दिवसांच्या आत व्रणास संसर्ग झाला. म्हणजे साधारण सात रुग्णांमागे एक. नडगी व घोट्यावरील त्वचा पातळ आहे, तेथे मांस थोडे आहे, आणि तीच जागा दुसऱ्यांदा छेदली गेलेली आहे, ही कारणे ध्यानात घेतली म्हणजे या आकड्याचे नवल वाटत नाही.

या काळात पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) टाके निघेपर्यंत व्रणावर तेल, लेप, हळद, कोरफड, भस्म काहीही लावू नये. शस्त्रकर्मातील बंद व्रण हा शुद्ध व्रण आहे. त्याला रोपणाचे तेलही नको, फक्त कोरडेपणा व स्वच्छता हवी. टाके साधारणतः दहा ते चौदा दिवसांनी निघतात.
२) बसताना व निजताना पाय उशीवर हृदयापेक्षा थोडा उंच ठेवावा. दिवसभर पाय लोंबता ठेवून ओट्यावर बसू नये.
३) जागेपणी दर तासास पाऊल वर-खाली पंधरा-वीस वेळा हलवावे, मांडीचा स्नायू ताठ करून सोडावा. हे अत्यंत साधे कर्म रक्त साकळण्यास प्रतिबंध करते.
४) शल्यज्ञाने दिलेली औषधे, विशेषतः रक्त पातळ ठेवणारी, आपल्या औषधासाठी बंद करू नयेत.
५) तंबाखू व धूम्रपान पूर्ण वर्ज्य. त्याने व्रण व अस्थि दोन्हींचे रोपण मंदावते.
६) मधुमेह्याची रक्तशर्करा नित्य तपासावी.

अभ्यंगाविषयी धोक्याची सूचना

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. पाय सुजला की घरची मंडळी तेल गरम करून पोटरी चोळण्यास घेतात, आणि कित्येकदा आपल्यापैकीच कोणी तरी त्यास अनुमती देतो. शस्त्रकर्मानंतर पोटरीतील खोल शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. धातू काढण्याच्या शस्त्रकर्मात हा उपद्रव वारंवार घडत नाही, पण घडला तर चोळण्याने ती गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि रुग्ण क्षणात दगावू शकतो.

सायंकाळी घोट्याशी येणारी व पाय उंच ठेवल्याने सकाळी ओसरणारी सूज बहुधा साधी असते. परंतु एकाच पायाची पोटरी सुजून टणक व उष्ण झाली असेल, दाबल्यास दुखत असेल, सूज मांडीकडे चढत असेल, तर अभ्यंग, स्वेदन, पट्टबंधन काहीही न करता रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे व शिरांची सोनोग्राफी करण्यास सुचवावे. छातीत दुखणे किंवा अचानक धाप लागणे ही तर क्षणाचाही विलंब न सोसणारी लक्षणे होत.

तसेच पुढील लक्षणांत आपली चिकित्सा थांबवून शल्यज्ञाकडे पाठवावे : ज्वर व व्रणाभोवती वाढती लाली, पूय किंवा न थांबणारा स्राव, पाऊल वर उचलता न येणे, पावलाच्या पाठीवर नव्याने आलेली बधिरता, बोटे हलविताच असह्य वेदना व पोटरी दगडासारखी ताठ होणे, आणि भार देताना कट्कन आवाज होऊन एकाएकी उठलेली वेदना.

दुसरी अवस्था : अस्थि (दोन आठवड्यांपासून चार महिन्यांपर्यंत)

व्रण भरला, खपली गेली, व्रणस्थानी शोथ, वेदना, स्राव नाही, म्हणजे तो सम्यक् रूढ झाला. तरीही तो दृढ होईपर्यंत अजीर्ण, व्यायाम, मैथुन, तसेच हर्ष-क्रोध-भय यांचा अतिरेक टाळावा, असे आचार्य सांगतात. येथून पुढे वातशमन व बृंहण हे सूत्र ठेवावे. अस्थि हे वायूचे आश्रयस्थान आहे, या वाग्भटोक्त सिद्धांताचा उपयोग येथे होतो.

*आहार.* दूध, तूप, खीर, मुगाचे वरण, गहू, नाचणीची भाकरी वा आंबील. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. व्रणावस्थेत वर्ज्य असलेले तीळ आता चटणीच्या रूपाने खुशाल द्यावेत. अति लवण, कटु, क्षार, अम्ल व रूक्ष अन्न भग्नात वर्ज्य आहे. सकाळचे कोवळे ऊन अंगावर घ्यावे, दुपारचे टाळावे.

*औषध.* लाक्षा, अस्थिशृंखला, अर्जुन, अश्वगंधा, नागबला व गुग्गुळ यांनी सिद्ध होणारा लाक्षादि गुग्गुळ परंपरेने प्रशस्त आहे. कांडवेल ताजी वापरावयाची असल्यास तुपात परतून, आंबटाच्या योगाने शिजवूनच द्यावी; कच्ची कांडवेल घशास खाजविते. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असणाऱ्यास गुग्गुळकल्प शल्यज्ञास कळविल्याशिवाय देऊ नयेत. वृक्कविकार असणाऱ्यास शंख, प्रवाळ, कुक्कुटांडत्वक् यांचे कल्प विचारपूर्वकच द्यावेत. अस्थिगत विकारांत चरकाचार्यांनी सांगितलेला तिक्तद्रव्यसिद्ध क्षीर-घृताचा व बस्तीचा विचार कृश, वृद्ध व अस्थिक्षयाची लक्षणे असलेल्या रुग्णात, अग्नी चांगला असता करावा. मात्र कोणतेही औषध भाराच्या मर्यादेस पर्याय नाही. लाक्षादि गुग्गुळ चालू आहे म्हणून रुग्णाने सहा आठवड्यांऐवजी तीन आठवड्यांत पोते उचलावे, असे कदापि घडू देऊ नये.

*अभ्यंग.* व्रण पूर्ण भरल्यावर व वर सांगितलेली शंका नसता, कोमट तेलाने हलका, अनुलोम अभ्यंग मांडी व गुडघ्यास करावा. नव्या व्रणचिन्हावर जोर देऊ नये. हाड ओढणे, मुरडणे, ‘बसविणे’ हे प्रकार पूर्णतः निषिद्ध.

*हालचाल.* गुडघा हळूहळू वाकविणे, ताठ पाय वर उचलणे, भिंतीला हात टेकून पोटरी ताणणे, मग दोन्ही व पुढे एका पायाच्या टाचा उचलणे, आणि अखेरीस एका पायावर तोल सांभाळणे, या क्रमाने जावे. कुबडी सोडण्याची घाई करू नये. लंगडत विनाकुबडी चालण्यापेक्षा सरळ चालीने कुबडी घेऊन चालणे श्रेष्ठ. कुबडी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात असावी, एवढी लहान गोष्टही अनेकांस ठाऊक नसते.

काळाची मर्यादा

सुश्रुताचार्यांनी भग्न स्थिर होण्याचा काळ बाल्यात एक मास, मध्यम वयात त्याच्या दुप्पट व उत्तर वयात तिप्पट सांगितला आहे. हे वचन नव्या भग्नाविषयी आहे. तथापि वयानुसार काळ वाढतो हे तत्त्व छिद्रे भरण्याच्या क्रियेसही लागू पडते. आधुनिक व्यवहारात नडगी किंवा मांडीच्या हाडातील प्लेट काढल्यावर साधारणतः सहा आठवडे जड कामास मज्जाव करतात आणि धावणे, उड्या, कबड्डी, कुस्ती यांस तीन ते चार महिने थांबवितात. दोन्ही गणिते एकाच दिशेची आहेत, हे सुज्ञांच्या लक्षात येईल.

रुग्णांचे नेहमीचे प्रश्न

*मोटारसायकल केव्हा चालवू?* वेदनेवाचून एकाएकी ब्रेक दाबता येईल व थांबताना त्या पायावर गाडीचा तोल पेलेल तेव्हा. प्लेट काढलेल्या पायाने किक मारणे मात्र शल्यज्ञाची अनुमती मिळेपर्यंत टाळावे.

*मांडी घालून, उकिडवे बसू का?* व्रण भरल्यावर, सोसेल तितके, आधार धरून. शौचास काही आठवडे खुर्चीचा आधार घेण्यात कमीपणा नाही.

*शेतात केव्हा जाऊ?* बांधावर फिरण्यास हरकत नाही. नांगरटीच्या ढेकळांतून, चिखलणीच्या शेतात किंवा रात्री पाणी द्यायला जाणे टाळावे. पाय रुतून अंग वळणे हाच नेमका तो पिळवटणारा जोर होय.

*आषाढीच्या वारीला जाऊ का?* आळंदी ते पंढरपूर ही वाट सुमारे अडीचशे किलोमीटरांची आहे. रॉड काढून दोन-अडीच महिने झाले असतील व रोजचे चालणे क्रमाने वाढविले असेल तर शल्यज्ञास विचारून निघावे. प्लेट काढून दीड महिनाच झाला असेल तर या वर्षी एखाद्या मुक्कामी वाहनाने जाऊन दर्शन घ्यावे, असे आम्ही सांगतो. पांडुरंग पुढच्या वर्षीही तेथेच उभा आहे. पुन्हा मोडलेला पाय मात्र कदाचित वारीलाच मुकेल.

उपसंहार

शल्य काढणे हे शल्यज्ञाचे कर्म. काढल्यानंतर रुग्णास धीराने थांबविणे हे बव्हंशी आपले. तो आपल्याकडे वारंवार येतो, आपले ऐकतो, आणि घरातील वडीलधाऱ्यांनाही आपला शब्द पटतो. हा विश्वास बल्य औषधाची पुडी देण्यापुरता न वापरता तीन प्रश्न प्रत्येक वेळी विचारण्यासाठी वापरावा : काय काढले? किती भाराची अनुमती आहे? पोटरी सुजली आहे का? या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावरच लेखणी औषधाकडे वळवावी. आमच्या वैद्यबंधू-भगिनींनी आपापल्या चिकित्सालयात हा क्रम ठेवल्यास एखादा पाय पुन्हा मोडण्यापासून आणि एखादा जीव जाण्यापासून निश्चित वाचेल.